कोटवाल

मी एक जुना बिल्ला आहे. पितळेचा, तळहाताएवढा, आणि चुकीचा.

मित्रांनो, चूक माझी नाही. माझ्यावर अक्षरं कोरणारे कारागीर कानाने अधू होते. कचेरीतून निरोप गेला, ‘कोतवाल’ कोरा. त्यांनी ऐकलं तसं कोरलं. कोटवाल!

मी ज्यांच्या पट्ट्यावर बसलो, ते कोतवाल नोटिसा पोचवत, दवंडी देत. कचेरीतले कारकून त्यांना दारातच गाठायचे.

“या कोटवाले! कोट कुठाय?”

“तुमच्या लग्नातला द्या, घालतो की!”

कोतवाल हसायचे. घरी आले, की मला फळीवर पालथा ठेवायचे.

(इथे मला एक लांब ओरखडा आहे. तीस वर्षं त्यात गेली.)

निवृत्तीनंतर एका सकाळी त्यांनी जुनी भांडी मोडीत काढली. वर मला ठेवलं. सून भाषा शिकवायची. ती शाळेला निघाली होती.

“बाबा, बिल्लासुद्धा?”

“वितळू दे. तीस वर्षांचं हसं आहे ते.”

तिने मला वाचलं. चप्पल काढून ती खाली बसली.

“कोट म्हणजे काय, बाबा?”

“घालतात तो. दुसरं काय?”

“तटबंदी. ती राखणारा तो कोटपाल. बोलता बोलता शब्द झिजला, ‘ट’चा ‘त’ झाला, ‘प’चा ‘व’. पुढे अख्ख्या शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असायचा.”

“मी तर नोटिसा वाटल्या.”

“हुद्दा खाली आला असेल, नाव नाही. तारेवर बसणारा तो काळा पक्षी, दुभंगलेल्या शेपटीचा? घारीच्या अंगावर जातो. लहान पाखरं त्याच्या भरवशावर घरटी बांधतात. लोक त्यालाही कोतवालच म्हणतात.”

कोतवालांचं बोट माझ्या ‘ट’वर थांबलं. मित्रांनो, माझं पितळ शहारलं. एका चुकलेल्या अक्षराखाली केवढा कोट उभा होता! बुरूज, भलेथोरले दरवाजे, आत निर्धास्त शहर, आणि भिंतीवर उभा एकच माणूस.

मोडवाला आला. त्याने भांड्यांबरोबर मलाही उचललं.

“तो ठेव,” कोतवाल म्हणाले.

“आजोबा, नाव चुकलंय यावर.”

“चुकलं नाही. फार जुनं आहे.”

मित्रांनो, जुन्या शब्दाला हसण्याआधी जरा थांबा. किती तोंडांतून चालत तो तुमच्या दाराशी आलाय, कोणाला ठाऊक. त्याला आत घ्या. बसू द्या. मग त्याचं गाव विचारा.