फेटियाचे पीस

मानोऱ्याच्या मांगीलाल शेटला कुठूनसा 'पीस' हा इंग्रजी शब्द मिळाला आणि पंचावन्न सालापासून त्याच्या कापडाच्या दुकानात तुकडा म्हणून काही उरलंच नाही. चोळीला पुरेल तोही पीस, पिशवीला पुरेल तोही पीस. तुकडा म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं, पीस म्हटलं की हात लावून बघायचं. शब्दानं मालाचा भाव चढतो, हे कळायला शाळा लागत नाही.

सुंदरबाईला त्या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. तांड्यातली ही बाई बारा वर्षं दर भाऊबिजेला मांगीलालला ओवाळत आली होती. दिवाळी सरली की तांडा लाकूडतोडीला जंगलात जायचा आणि मागं झोपडीत उंदरांचं राज्य. म्हणून या खेपेला जाताना तिनं आपला फेटिया त्याच्याकडे ठेवला. आईनं तीन हिवाळे बसून भरलेला तो लग्नातला घागरा, आरशांनी न् कवड्यांनी जड झालेला. चैत्रात तिची बेबी तोच घालून सासरी जाणार होती.

"चिठ्ठी देऊ का लिहून?" मांगीलालनं तेव्हा विचारलं होतं.

सुंदरबाईला रागच आला. "भावाच्या घरी ठेवाले चिठ्ठी कायले लागते?"

होळीच्या तोंडावर तांडा परतला, तशी ती थेट दुकानात आली.

"भाऊ, माहा फेटिया दे."

मांगीलाल गादीवर जरा सरकून बसला. "तो तं गेला ना बाई. वाशीमच्या एका साहेबाची बायको आली होती. तिले उशांच्या खोळींसाठी भरतकाम पाह्यजे होतं. जुनाच तं होता, मंग पीस करून देल्ले."

"पीस म्हंजे?"

"पीस म्हंजे... तुकडे. पन साहेबाच्या घरी हो! मोठ्या जागी गेला तुहा फेटिया."

केवढी मानाची गोष्ट! आईचे तीन हिवाळे आता कुणा साहेबाच्या पाठीखाली दबणार आणि वर सुंदरबाईनं मांगीलालचे उपकार मानायचे.

"म्या ठेवाले देल्ला होता भाऊ, इकाले नाई."

"असं तू म्हन्तं. चिठ्ठी हाय का?" तो म्हणाला आणि नजर चुकवून ताग्यातलं लाल कापड फाडू लागला. "बेबीसाठी घेऊन जाय हा. नवा पीस हाय, कोरा."

तिला त्याची गादी उधळून द्यावीशी वाटली. बारा वर्षांचं ओवाळणं आठवलं आणि स्वतःचीच चीड आली. विकणारा तो, पण ठसक्यात चिठ्ठी नाकारणारी तीच. आता बेबीला काय सांगायचं?

तिनं ते कापड घेतलं, त्याची नीट चौघडी घातली आणि परत त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे ठेवा तुमच्यापाशी, शेटजी," ती म्हणाली. "अन् मले चिठ्ठी लिहून द्या."