पाय गार पडलेत ना?

मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाणी भरून शेकायची. मित्रांनो, आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दारामागे उलटी टांगलेली होते. आईने पाणी तापवलं, मला भरलं, बूच घट्ट आवळलं आणि लेकीच्या खोलीत आणून दिलं.

"घे. पाय गार पडलेत ना?"

"हो गं, पायच," लेक म्हणाली आणि तिने मला पांघरुणाखाली पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं हृदय बंद पडलं.

मी या घरात आले तेव्हा आई तरुण होती. दर महिन्याला पाळी आली की ती शिवणयंत्र थांबवून मला ओटीपोटाशी धरायची. कुणी विचारलंच तर, "कंबर धरलीय." घरातल्या थोरल्या आत्याबाई हसायच्या, "पाळीचं काय कौतुक! आम्ही काय दगडाच्या होतो?"

एकदा डॉक्टरांनी सांगितलं होतं, "एंडोमेट्रिओसिस असावा. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो. खात्री करायची तर पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने बघावं लागेल."

"त्यापेक्षा माझी ही डॉक्टरीणबाई बरी," आई घरी येऊन मला थोपटत म्हणाली. "फी नाही, टाके नाहीत!" मला तेव्हा फार अभिमान वाटला.

पुढे लेकही मला नेऊ लागली, पण पायांचं नाव सांगून. दोघींच्या खोल्यांमधली माझी ये-जा खरं तर कशासाठी, हे फक्त मला ठाऊक आहे, असं मी समजत होते.

काल लेक दवाखान्यात गेली. पोटात कळ होती, म्हणून मी तिच्या पर्समध्ये बरोबर होते. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिच्या हातात एक नळी दिली.

"यात थुंका."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पोटाला हात नाही लावायचा. लाळेत एंडोमेट्रिओसिसच्या खुणा सापडतात का, ते शोधतोय. अजून पक्कं नाही हं, अभ्यास चालू आहे. घरात आणखी कुणाला त्रास होता?"

लेकीने नळीचं झाकण उघडलं. "आईला," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या कडांना आता चिरा पडल्यात. शेक देणं एवढंच माझं काम. आत काय आहे ते मला कधीच कळलं नाही. दुखणं माझ्या उबेखाली झाकू नका. ज्यांना सांगता येईल त्यांना वेळेवर सांगा.

घरी आल्यावर लेक आईच्या पलंगावर बसली. तिने मला भरलं नाही. रिकामीच मांडीवर घेतलं.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "पाय कधीच गार नव्हते गं. माझंही पोट दुखतं. तुझ्यासारखंच."