वळणावरची कटकट

मी एक जुनी मोटार आहे, एकोणीस वर्षांची. मित्रांनो, माझ्या काट्यावर दोन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर आहेत आणि त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या सांध्यांनी सोसला आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला इंजिनाशिवाय दुसरा आवाज नव्हता. पहिल्या मालकांनी मला रोज पुसलं, दुसऱ्यांनी नुसतं वापरलं. आता मी तिसऱ्या घरी आहे. तिथे नवरा, बायको आणि नवऱ्याची आत्या राहतात. आत्या अंगाने भारी, बोलण्याने त्याहून. त्या शिवणवर्ग चालवतात. रोज सकाळी भाचा त्यांना सोडतो. पुढची डावी सीट त्यांची ठरलेली. वाटेत मोठा उतार आहे आणि उताराच्या तळाशी वळण.

त्या वळणावर एक दिवस माझ्या पुढच्या डाव्या चाकापाशी ‘कट’ असा आवाज झाला. तिथे एक सांधा असतो. खोबणीत बसवलेली लोखंडी गोळी आणि वर रबराची टोपी. माझी टोपी फाटली होती. आत माती गेली, वंगण वाळलं, गोळी झिजली. अशी गोळी निसटली की चाक आडवं होतं. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. रोज त्या उतारावर मला हीच धास्ती असायची.

भाच्याने मला गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्रींनी एकट्याने फेरी मारली. आवाज नाही.

“इथे आली की माहेरी आल्यासारखी वागते हो तुमची गाडी,” मिस्त्री म्हणाले.

तरी त्यांनी शॉकअप बदलले. पुढच्या खेपेला आणखी एक दांडी बदलली. दुसऱ्या दिवशी वळणावर पुन्हा ‘कट’.

खरी गोष्ट अशी की आत्यांचं वजन पडलं की मी डावीकडे दबायची आणि गोळीची झिजलेली बाजू खोबणीवर आपटायची. मी का वाजते ते घरात कुणाला कळलं नसेल, पण केव्हा वाजते हे कळलं होतं.

“मिस्त्रींना काय सांगू? आमची आत्या बसली की वाजते?” भाच्याने बायकोला विचारलं.

“वेडा आहेस का? त्यांच्या कानावर गेलं तर जेवायच्या नाहीत दोन दिवस.”

म्हणून तो गॅरेजमध्ये “अधूनमधून वाजते” एवढंच सांगत राहिला. मी दमून गेले होते.

चौथ्या खेपेला वर्गाला जाता जाताच तो गॅरेजमध्ये वळला. आत्या शेजारी होत्या. त्याचं “अधूनमधून” त्यांनी ऐकलं.

“अधूनमधून कसली? मी बसले की वाजते. हे तू सांगितलंच नाहीस? मी आपली धरून चालले, सांगितलं असशील.”

मग त्या मिस्त्रींकडे वळल्या.

“मिस्त्री, मी उतरत नाही. बघा काय ते.”

मिस्त्री माझ्याशेजारी आडवे झाले, चाकामागे हात घातला आणि बोटं सांध्यावर टेकवली. “लोखंडातून आवाज कुठचा कुठे जातो. बोटांना बरोबर कळतं,” ते म्हणाले. भाचा स्टिअरिंग सावकाश फिरवत होता. डावीकडे, उजवीकडे. ‘कट’.

मिस्त्री उठले. हात पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

“आत्याबाई, आता उतरा. ही इथून हलणार नाही. आठवडासुद्धा काढला नसता हिने.”

आत्या उतरल्या. भाच्याकडे बघून म्हणाल्या, “माझा मान राखत बसलास. आधी मला राख.”

नवा सांधा बसला. उजवीकडचा घट्ट आहे म्हणून तसाच ठेवला. पण वय त्याचंही तेवढंच आहे आणि रस्ता तोच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरची गाडी कधी वाजेल. तेव्हा रेडिओ मोठा करू नका. मिस्त्रींना सगळं सांगा: रस्ता कसा होता, वळण कुठलं, कोण कुठे बसलं होतं. संकोच करू नका. आम्हाला फक्त वाजता येतं. बाकीचं तुम्हीच सांगायचं असतं.