मोडण्यासाठी घडवलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. तुमच्या घरात असते तशीच, चार पायांची, सागवानी, दिसायला चांगली भारदस्त. पण एवढ्या वर्षांत माझ्यावर धड कुणी बसलं नव्हतं. मला बसण्यासाठी घडवलंच नव्हतं. मला मोडण्यासाठी घडवलं होतं.

माझा जन्म नगरजवळच्या भिंगारच्या जुन्या बाजारातला. तिथे राधाकृष्ण मिस्त्रींचं दुकान होतं. माणूस हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. एका सकाळी अल्लाबक्ष नावाचा काटकुळा, मोठ्या कानांचा तरुण नट त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, मला अशी खुर्ची करून द्या की बसलं की मोडली पाहिजे आणि उचलली की पुन्हा उभी राहिली पाहिजे. मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. आपल्या हातची वस्तू मोडली असं बापाच्या कानावर गेलं तर बाप मला घराबाहेर काढील, असं त्यांनी त्याला सुनावलं. अल्लाबक्षने वाद घातला नाही. तो तिथेच, भुशात, पडून दाखवू लागला. एकदा पडला, दोनदा पडला, आणि मग मिस्त्री असे हसले की त्यांच्या कानावरची पेन्सिल खाली आली. माझं नशीब त्या हसण्यात ठरलं.

मिस्त्रींनी माझा मागचा उजवा पाय गुडघ्यात कापला आणि दोन तुकड्यांमध्ये एक खुंटी बसवली. वजन मागे गेलं की खुंटी सुटायची, पाय दुमडायचा आणि मी पाठीवर आडवी व्हायची. खुंटी परत घातली की मी पुन्हा साळसूद. नाटक होतं मुलगी पाहायला आलेल्या पाव्हण्याचं. मुलीचा बाप आग्रह करकरून पाव्हण्याला घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवतो आणि पाव्हणा धाडकन पडतो. एवढीच गंमत. पण त्या पडण्यावर अल्लाबक्षचे मामा झाले, सगळ्या जिल्ह्याचे मामा.

एक गुपित सांगते. मामा कधी पडलेच नाहीत. ते मागे अंग टाकत आणि आधी मी वाकत असे. माझ्या पाठीवरून घसरत ते खाली येत, खांद्यावर लोळण घेत आणि पाय वर करून थांबत. बघणाऱ्याला वाटे हाडं मोडली. खरं तर मी त्यांना झेलत झेलत जमिनीवर आणून सोडत होते. मी आधी मोडायचं आणि त्यांनी मागून यायचं, हा आमचा करार. त्यात कधी चूक झाली नाही.

आम्ही टेम्पोत बसून गावोगाव हिंडलो. पुण्यात टाळ्या पडल्या, मुंबईत शिट्ट्या. पण नगरची तऱ्हा निराळी. मुलीचा बाप नुसता "पाव्हणं" म्हणायचा अवकाश, पुढचं वाक्य लोकांनी त्याला कधी म्हणूच दिलं नाही. सगळं नाट्यगृह एका आवाजात म्हणायचं, "बसा की मामा." आणि मामा पडले की वन्समोअर. गाण्याला वन्समोअर सगळीकडे मिळतो. पडण्याला वन्समोअर देणारं शहर मी हे एकच पाहिलं. मामा उठत, कपडे झटकत, स्वतः खुंटी घालत आणि पुन्हा पडत. आपल्या माणसांना ते नाही म्हणाले नाहीत. घरी गेल्यावर शहजादीमामी, म्हणजे मामांच्या पत्नी, रमीजची आई, त्यांच्या पाठीला तेल चोळत आणि नगरकरांच्या नावाने बोटं मोडत.

प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत गहिनीनाथ असे. कर्जत तालुक्यातला शेतकरी, मिशीवाला, वजनदार गडी. एसटीने येई, येताना मामांसाठी ज्वारीचा हुरडा नाहीतर लिंबं आणी, आणि "बसा की मामा" सगळ्यांत आधी त्याच्याच तोंडून निघे.

मला लोकांचं कौतुक मिळालं. पोरं स्टेजवर येऊन मला हात लावून बघत. तरी मनात एक खुपत असे. विंगेत शेजारी एक साधी पत्र्याची खुर्ची असायची. कुणीही थकलं की तिच्यावर टेकायचं आणि सुस्कारा सोडायचं. मला तिचा हेवा वाटे. खुर्चीचा जन्म घेऊन एकाही दमल्या माणसाला आधार दिला नाही, हे मला लागून राहिलं होतं.

पुढे मामांचं वय झालं. प्रयोग कमी झाले, मी माळ्यावर गेले. धूळ बसली, एका पट्टीला भेग पडली. आणि एका सकाळी घरात आरडाओरडा ऐकू आला. जन्मभर स्टेजवर पडलेला माणूस घरच्या मोरीत पडला होता. खुब्याचं हाड मोडलं.

तेव्हा नगरने काय केलं ते मी माळ्यावरून ऐकलं. दवाखान्याबाहेर रिक्षावाल्यांची रीघ लागली. कुणी दर्ग्यात चादर चढवली, कुणी माळीवाड्याच्या गणपतीला नारळ फोडला. गहिनीनाथ आठवडाभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. मामा वाचले, काठी घेऊन चालू लागले. पण डॉक्टरांनी शहजादीमामींना बाजूला घेऊन बजावलं की आता पुन्हा पडले तर हा माणूस उठायचा नाही.

यंदा चाहत्यांनी मामांचा सत्कार ठरवला. त्यात त्या नाटकातला एकच प्रवेश करायचा होता. मामांनी मामींच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं की पडणार नाही. खुर्चीजवळ जाईन, चार वाक्यं बोलेन आणि येईन. मला माळ्यावरून खाली काढलं, पुसलं. मलाही बरं वाटलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी मामा एकटेच माझ्याजवळ आले. काठी भिंतीला लावली, दार लोटून घेतलं. खिशातून साबणाची वडी काढली आणि माझ्या खुंटीला साबण चोळू लागले. खुंटी अलगद सुटावी म्हणून ते पूर्वीही असंच करत. सत्तरी ओलांडलेला, खुब्यात लोखंड घातलेला माणूस पुन्हा पडायची तयारी करत होता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आज शेवटचं. सांभाळून घे गं."

मी कशी सांभाळणार होते? माझे सांधे वाळलेले, त्यांचं अंग ताठलेलं. आणि एकदा पडले की वन्समोअर येणार.

दुपारी मामा नमाजाला गेले तेव्हा मामी खोलीत आल्या. त्यांचं लक्ष जमिनीवर सांडलेल्या साबणाच्या चुऱ्याकडे गेलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. त्या स्वयंपाकघरातून हातोडी आणि एक लांब खिळा घेऊन आल्या, आणि माझ्या मागच्या पायात, बरोबर खुंटीच्या जागी, तो खिळा आरपार ठोकून दिला. वर पदराने साबण पुसून टाकला. माझा पाय जन्मात पहिल्यांदा हलेनासा झाला.

मित्रांनो, मामींची माया खरी होती. पण आमचा करार त्यांना कुठे ठाऊक होता? मी आधी मोडते म्हणून मामा वाचतात. आता ते नेहमीसारखे भरवशाने मागे अंग टाकणार, मी ताठ राहणार, आणि ते माझ्यावरून उलटे डोक्यावर जाणार. खिळा नसता तर खुबा जाणार होता, खिळा होता म्हणून डोकं. इकडे आड तिकडे विहीर. आणि हे सगळ्या जगात एकट्या मला कळत होतं. मला तोंड नाही.

संध्याकाळी नाट्यगृह तुडुंब भरलं. जागा नव्हती म्हणून लोक पायऱ्यांवर बसले. पडदा उघडला. मी मधोमध उभी. विंगेत मामी, पदराचं टोक तोंडात धरून. मामा काठी टेकत आले आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की माझ्या पट्ट्या थरथरल्या.

मुलीचा बाप पुढे आला. म्हणाला, "पाव्हणं..."

आणि सवयीप्रमाणे थांबला.

नाट्यगृहातून आवाज आला नाही. पार मागच्या रांगेपर्यंत चिडीचूप.

मला नंतर कळलं, आदल्या दिवसापासून सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप फिरत होता, की आज कुणीही मामांना बसा म्हणायचं नाही. मामांना ते माहीत नव्हतं. त्यांनी लोकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी जवळून पाहत होते. ज्या वाक्यावर ते जन्मभर जगले ते वाक्य आलं नव्हतं. लोक आपल्याला विसरले, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांचे ओठ आवळले गेले. मग त्यांनी काठी मुलीच्या बापाच्या हातात दिली.

मी ओळखलं. काठी दिली म्हणजे पडायचं ठरलं.

ते माझ्याकडे वळले. हात माझ्या पाठीवर आला, थंडगार. ते पाठमोरे झाले. मागे अंग टाकण्याआधी ते टाचा उचलत असत. त्यांची डावी टाच उचलली गेली. मी सगळा जीव त्या खिळ्यावर लावला, की सुट, मेल्या सुट. खिळा तसूभर हलला नाही. उजवी टाच उचलली गेली.

"मामा, थांबा."

पहिल्या रांगेतून गहिनीनाथ उठला होता. धोतराचा सोगा सावरत तो पायऱ्या चढून थेट स्टेजवर आला आणि मामांचा दंड धरला.

"लई वर्सं तुमी आमच्यासाठी पडला, मामा. आज तुमी उभं ऱ्हावा. आज आमी पडतो."

आणि मामा काही बोलायच्या आत तो माझ्यावर बसला. त्याला टाचा उचलणं, अंग टाकणं काही येत नव्हतं. पोतं टेकवावं तसा दणकन बसला, डोळे गच्च मिटले आणि पडायची वाट पाहू लागला.

मी पडले नाही.

त्याने एक डोळा उघडला. जरा मागे रेलला. मग जरा जोर लावला. मी ढिम्म. गहिनीनाथने काकुळतीला येऊन मामांकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, ही पाडंना की वो?"

कुठेतरी एक बाई खुदकन हसली. मग दुसरी. मग सगळी गॅलरी.

मामा मात्र हसत नव्हते. कष्टाने वाकून त्यांनी माझ्या पायाला हात लावला. बोटांना खिळ्याचं डोकं लागलं. क्षणभर त्यांचा हात तिथेच राहिला, आणि आपण कशातून वाचलो हे त्यांना उमगलं. त्यांनी विंगेकडे पाहिलं. तिथे मामी होत्या.

मला वाटलं, आता चिडतील. पण हाडाचा नट तो. ते सावकाश उभे राहिले, लोकांकडे वळले, कमरेवर हात ठेवला आणि भर स्टेजवरून विचारलं,

"ह्या खुर्चीत खिळा कुनी ठोकला?"

विंगेतून आवाज आला. इतक्या वर्षांत तो आवाज कधी नाट्यगृहात उमटला नव्हता.

"मी ठोकलाय, रमीजचे अब्बा. काय म्हणणं आहे?"

मित्रांनो, असा हशा मी कधी ऐकला नाही. लोक खुर्च्यांचे हात बडवत होते, एकमेकांच्या अंगावर पडत होते. मामा स्वतः हसता हसता डोळे पुसत होते. आणि मग मागच्या रांगेतून ती आरोळी आली, जिची मला सकाळपासून धास्ती होती. वन्समोअर. पण ती पडण्यासाठी नव्हती. ती मामींच्या वाक्यासाठी होती. गहिनीनाथने जाऊन मामींना हाताला धरून स्टेजवर आणलं. त्या लाजून लाल झाल्या. पण नगरकरांनी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं, हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा तोच हशा.

तो ओसरला. मामा उभे होते, दमले होते. गहिनीनाथने मला उचलून त्यांच्या मागे ठेवलं. आणि तेव्हा, कुणीही न ठरवता, सगळं नाट्यगृह हलक्या आवाजात म्हणालं,

"बसा की मामा."

मामा बसले. टाचा जमिनीवर ठेवून, सावकाश, एखादा थकलेला माणूस घरी येऊन बसतो तसे. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. चारही पायांनी मी ते धरलं. मामांनी सुस्कारा सोडला. त्या क्षणी मी खुर्ची झाले.

आता मी मामांच्या ओट्यावर असते. ऊन लागून माझा रंग उडालाय, पट्टीची भेग वाढलीय, आणि खिळा थोडा गंजलाय. मित्रांनो, तुमच्या गावातही कुणी तुम्हाला हसवणारा माणूस असेल. त्याला वन्समोअर जरूर द्या, त्यावरच तो जगतो. पण तो उठताना कमरेला हात लावतो का, तेही बघत जा. लावलाच तर एक खुर्ची पुढे करा. आणि त्या खुर्चीच्या सांध्यांना वर्षातून एकदा तेलाचं बोट लावायला विसरू नका.

रोज संध्याकाळी मामा माझ्यावर बसून चहा पितात. रस्त्याने जाणारे रिक्षावाले, शाळेतून येणाऱ्या पोरी लांबूनच हाळी देतात, "बसा की मामा."

मामा कप वर करतात आणि म्हणतात, "बसलोय की रे."