तीनदा विचारायचं असतं

माझ्या नवऱ्याचं, श्रीरंगचं, बर्फ उडवायचं स्नोब्लोअर म्हणजे नुसता रेडा होता. सरळ जायचं म्हटलं की सुसाट, वळायचं म्हटलं की ढिम्म. त्याला वळवायला श्रीरंग पोटाचा जोर लावायचा, आणि पोट त्याला देवानं भरपूर दिलं होतं. तो जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मी एकटी ते चालवायला गेले आणि थेट आमच्या मेलबॉक्सवर नेऊन घातलं. पेटी आडवी, खांब आडवा, आणि मी बर्फात बसलेली. एकाहत्तराव्या वर्षी हात दाखवून अवलक्षण!

हे मी यतीनला सांगितलंच नसतं. पण पेटी मोडली म्हणून त्यानं पाठवलेलं पार्सल परत गेलं आणि माझी चोरी उघडकीस आली. यतीन माझा एकुलता एक. जन्म इथलाच, रॉचेस्टरचा. नोकरी पार टेक्ससमध्ये, शुगर लँडला, जिथे बर्फ फक्त सरबतात असतो. या ऑक्टोबरमध्ये त्यानं फोनवर फर्मान काढलं. "आई, धिस इयर आय ॲम कमिंग. डिसेंबरमध्ये तीन आठवडे येतो, तिथूनच काम करतो, बर्फ मी काढतो." तिकीट काढूनसुद्धा मोकळा झाला.

मला आनंद झाला का? अहो, झाला म्हणजे काय, मी त्याच दिवशी चकलीची भाजणी भाजायला घेतली. पण तोंडातून काय निघालं? "कशाला रे उगाच? तुला तुझी कामं असतात. मी बघते काहीतरी." मेली सवय! आणि एकदा बघते म्हटलं की बघणं आलं. म्हणून नवं मशीन घ्यायला निघाले.

दुकानात डेल नावाचा माणूस होता, माझ्याच वयाचा असेल. त्यानं आधी माझ्या मागे पाहिलं, कोणी पुरुष येतोय का म्हणून.

"मागे कोणी नाही," मी म्हटलं. "मीच चालवणार आहे. ताकद थोडी कमी असली तरी चालेल, पण मी सांगेन तिकडे वळलं पाहिजे. नवऱ्याचं मशीन वळत नव्हतं."

"आणि नवरा?"

"तोही वळत नव्हता."

डेल हसला आणि एकेक दाखवायला लागला. पहिलं थोरलं धूड, श्रीरंगच्या मशीनचा सख्खा भाऊ. दुसरं खेळण्यासारखं हलकं. वळायचं छान, पण रस्ता साफ करणारा ट्रक फाटकाशी जो कडक ढीग टाकून जातो, तो याला झेपणार नाही, असं डेल स्वतःच म्हणाला. माणूस प्रामाणिक होता. तिसरं मधल्या आकाराचं. त्याच्या दोन्ही मुठींखाली एकेक छोटा खटका. डावा दाबला की डावं चाक सुटतं आणि मशीन डावीकडे वळतं, उजवा दाबला की उजवीकडे. बस, दोन बोटांचं काम. मी दुकानातच आठचा आकडा काढला. असा आनंद झाला म्हणून सांगू! "बघितलंस का?" असं श्रीरंगला म्हणायला मागे वळले, तर मागे बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या. जीव एवढासा झाला.

कार्ड दिलं, पावती घेतली. डेल म्हणाला, "घरी आणून देऊ? त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास?"

"ओके," म्हणाला आणि चालता झाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे.

आता माझी कोरोला ती केवढी, आणि हे अडीचशे पौंड वजनाचं यंत्र! मी त्याच्याशेजारी उभी. म्हटलं, विचारेल परत. आमच्याकडे पंगतीत नको म्हटलं तर वाढणारा आणखी दोन पुऱ्या टाकून जातो. पहिल्या नकोला कोणी खरं धरतं का? वीस मिनिटं उभी राहिले. शेवटी पाय दुखायला लागले, तेव्हा नाक मुठीत धरून काउंटरवर गेले.

"तुम्ही मला परत विचारलंच नाही."

"तुम्ही नको म्हणालात."

"हो, पण आमच्यात तीनदा विचारायचं असतं."

डेलनं डोकं खाजवलं. "आणि समोरच्याला हे माहीत नसेल तर?"

मग त्यानं पाढे म्हटल्यासारखं आणखी दोनदा विचारलं, आणि मी मान डोलावली.

नोव्हेंबरच्या अखेरीस पहिला जोराचा बर्फ पडला. मशीन माझ्या हाताखाली गुणी सुनेसारखं वागलं. मेलबॉक्सला वळसा घालून आलं, खांबाला धक्कासुद्धा नाही. तासाभरात घरासमोरचा सगळा ड्राइव्हवे लख्ख. मोठ्या ऐटीत फोटो काढून यतीनला पाठवला. लगेच फोन.

"आई! अमेझिंग! तू तर एक्स्पर्ट झालीस." मग म्हणाला, "डिसेंबरमध्ये आमच्या प्लांटचं शटडाऊन आलंय, मेंटेनन्सचं खूप काम आहे. डू यू स्टिल नीड मी? की तिकीट कॅन्सल करू?"

"कर की. कशाला उगाच धावपळ."

"आर यू शुअर?"

"हो रे."

"ओके, आई. लव्ह यू."

दोनदा विचारलं पोरानं. तिसऱ्यांदा विचारायचं त्याला शिकवलं कोणी? श्लोक शिकवले, पाढे शिकवले, हे राहून गेलं. आणि मी तरी काय, वीस मिनिटं मशीनपाशी उभी राहिले, तशी दोन वर्षं या घरात उभी आहे, कोणी परत विचारेल म्हणून. समोर दोन गाड्या सहज मावतील एवढी जागा मोकळी केलेली, आणि येणार कोण, तर टपालवाला. मला रडू आलं. हातमोजे न काढताच डोळे पुसले आणि फोन लावला.

"यतीन, केलंस का कॅन्सल?"

"करतोच आहे."

"करू नकोस. ये."

"आई, व्हॉट हॅपन्ड? पडलीस का? डॉक्टर काही म्हणाले का? प्लीज, टेल मी." आवाज चांगलाच घाबरलेला. बेचाळीस वर्षांचा झाला, आजवर मी त्याला स्वतःहून कधी ये म्हटलं नव्हतं. त्याला वाटलं, आई आता जाते.

"काही झालं नाही रे," मी म्हटलं. "पडले नाही, आजारी नाही, बर्फही काढून झालाय. तरी ये."