शांभवी फोन उचलते

रामस्वामी तिरुवैयारूहून बसने आले तेव्हा त्यांच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला हार होता आणि डोळे लाल झाले होते. ज्यांच्यासाठी हार आणला ते बाळकृष्णराव ओसरीवर बसून डाळ-तांदळाची जाड, खरपूस अडै खात होते.

"हार कुणाला रे?" बाळकृष्णरावांनी विचारलं.

रामस्वामी धपकन खाली बसले. "तुलाच. सकाळी फोन केला तर तुझी सून रडत म्हणाली, रात्री झोपेतच गेलास."

सून, म्हणजे वत्सला, हातात कालथा घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. तिने सकाळपासून फोनला हातही लावला नव्हता. उचलला होता तो तिच्या लेकीने, शांभवीने. चौथीतल्या त्या पोरीला आईचा आवाज हुबेहूब काढता यायचा, रडण्यासकट.

बाळकृष्णरावांना नातीचा राग यायचा सोडून गंमतच वाटली. "मेल्यावर कोण येतं ते जिवंतपणी बघायला मिळालं, अजून काय पाहिजे?" असं म्हणत त्यांनी हार स्वतःच गळ्यात घातला आणि मित्रालाही अडै वाढायला लावली.

वत्सलाला मात्र हसू येईना. वर्षानुवर्षं वाट बघून घरात फोन आला, आणि त्याच महिन्यात तिचा नवरा सुरेंद्र होसूरच्या एका नव्या कारखान्यात नोकरीला गेला. तेव्हापासून फोनवर शांभवीचं राज्य. वत्सलाच्या कचेरीतल्या साहेबांना तिने सांगितलं, आई पापनाशमला पळून गेली. गॅसवाल्याला सांगितलं, आम्ही घर विकलं, सिलिंडर नको. साहेबांनी विश्वास ठेवला नाही, पण गॅसवाल्याने ठेवला. वत्सला कितीतरी दिवस रॉकेलच्या स्टोव्हपुढे डोळे पुसत होती.

सुरेंद्रचा रविवारी फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"दोन थोबाडीत दे," तो म्हणाला.

"तुम्ही येऊन द्या," वत्सला म्हणाली.

कचेरीतली एक मैत्रीण म्हणाली, मुलांच्या दवाखान्यात शनिवारी राजम नावाच्या बाई बसतात. औषध देत नाहीत, मुलांशी नुसतं बोलतात. हे ऐकून बाळकृष्णराव उखडले.

"पोर खोडकर आहे, वेडी नाही! मी तिच्याएवढा असताना झोपलेल्या मास्तरांची शेंडी खुर्चीला बांधली होती. मला नेलं होतं कुणी?"

"न्यायला हवं होतं, मामंजी," वत्सला म्हणाली.

बोलून गेली खरी, पण तिलाही ठरवता येईना. खोडकर पोरीला उगीच दवाखान्याची पायरी चढायला लावायची का? शेवटी ती एकटीच विचारायला गेली.

राजमबाई जाड चष्म्याच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या. फोनवरच्या थापा, सुरेंद्रची होसूरची नोकरी, सगळं ऐकून घेऊन जेवते का, झोपते का, मैत्रिणी आहेत का, असं एकेक विचारत गेल्या. सगळ्याला उत्तर हो.

"मग छानच आहे. खोड्यांवर माझ्याकडे इलाज नाही, आणि असता तरी दिला नसता."

वत्सलाच्या मनावरचं ओझं उतरलं. ती उठली, तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, "वडिलांना फोनवर कसल्या थापा मारते?"

वत्सला उभीच राहिली. रविवारी फोन वाजला की शांभवीच्या पोटात दुखायचं. ती न्हाणीघरात शिरून कडी लावायची ती फोन ठेवेपर्यंत. बाप गेल्यापासून ती त्याच्याशी एकदाही बोलली नव्हती. आणि थापा तरी कसल्या? आजोबा गेले, आई गेली, घर गेलं. प्रत्येक थापेत काहीतरी जातच होतं. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही, म्हणून वत्सलाला स्वतःचीच चीड आली.

"घेऊन या तिला," राजमबाई म्हणाल्या. "खोड्यांसाठी नव्हे."

पुढच्या शनिवारी शांभवीने खोलीत शिरताशिरताच जाहीर केलं, "आईचं डोकं जरा ठीक नाही. म्हणून मी तिला आणलंय."

"बरं केलंस," राजमबाई गंभीरपणे म्हणाल्या. "त्यांना बाहेर बसू दे. आपण दोघी बोलू."

बाहेरच्या बाकावर वत्सलाला आधी आतलं खिदळणं ऐकू आलं. मग काहीच नाही. ते काहीच नाही इतकं लांबलं की ती दोनदा दारापर्यंत जाऊन आली. शांभवी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. बाकावर रिबिनी बांधलेली एक मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. शांभवी तिच्या कानाशी वाकली.

"सुई टोचत नाहीत. फक्त डोळे काढून धुतात."

ती मुलगी किंचाळत आईच्या पदरात घुसली. वत्सलाने लेकीचा दंड धरून तिला रस्त्यावर आणलं आणि ती इतकी हसली की तिलाच रडू फुटलं. आत काय झालं ते तिने विचारलं नाही.

रविवारी फोन वाजला. शांभवी न्हाणीघरापर्यंत गेली, थांबली आणि परत फिरली. तिने रिसीव्हर उचलला आणि आईचा आवाज काढला. "सुरेंद्र इथे राहत नाहीत. होसूरला गेलेत. कधी येणार ते माहीत असेल तर सांगा."

सुरेंद्रने तिकडून यायचा दिवस सांगितला. शांभवी ऐकत होती, पायाच्या अंगठ्याने फरशी घासत.

"अप्पा," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "थाप नाही ना?"