प्रेमलाच्या कागदावरचा सांधा

प्रेमलाच्या दहाव्याला कावळा शिवेना. पाहुण्यांनी सांगायचं ते सगळं सांगून पाहिलं. पोरीला शिकवतो म्हणाले, तुझ्या म्हातारीला सांभाळतो म्हणाले. ऊन चढलं तरी पिंड तसाच. शेवटी तिचा नवरा बाबासो पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "तुजा कागद मी पुरा करतो." तेव्हा कावळा आला. कसला कागद, ते पाहुण्यांना कळलं नाही.

बाबासो गवंडी. साताऱ्याकडचा, पण इकडच्या नव्या इमारतींना गिलावा करण्यात पंधरा वर्षं गेलेली. शिरवण्यात एका खोलीत तो, प्रेमला आणि नववीतली पोरगी ज्ञानेश्वरी राहायची. प्रेमला जुईनगरला जयमालाबाईंच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये झाडलोट करायची, रंगाच्या वाट्या धुवायची. एक दिवस बाईंनीच तिला बसवलं आणि हातात ब्रश दिला. वर गडद निळं, खाली उतरत उतरत फिकं, असं नुसतं आभाळ. जलरंगाचा पहिला धडा. अर्धं आभाळ झालं आणि तिला घेरी आली. दवाखान्यात नेलं, तिथून ती परत आली नाही.

कागद भिजवून, कडेनं चिकटपट्टी लावून तो फळीवर ताणून बसवतात. चित्र पुरं होईपर्यंत काढत नाहीत. प्रेमलाचा कागद तसाच क्लासमधल्या कपाटावर पडून होता.

"न्या की घरी. आहे तसा कापून देते," जयमालाबाई म्हणाल्या.

"पुरा करून नेतो, बाई. मला शिकवा."

बाईंनी त्याची सिमेंटनं फुटलेली बोटं पाहिली. "आधी दुसऱ्या कागदांवर सराव करायचा. याला हात लावायचा तो शेवटी."

मग दर रविवारी तो जायला लागला. फळी जरा तिरपी ठेवायची, भरलेला ब्रश डावीकडून उजवीकडं न्यायचा, खाली जमलेला ओघळ पुढच्या पट्ट्यात उचलायचा, दर पट्ट्याला रंग कमी आणि पाणी जास्त. ऐकायला सोपं. पण बाबासोचा हात थापीला सरावलेला. तो ब्रश दाबायचा आणि कागदाला ओरखडे पडायचे.

"अहो, भिंत नाही ती!" क्लासमध्ये शेजारी बसणारे श्यामसुंदर म्हणायचे. ते बँकेतून रिटायर झालेले, रोज नवीन टोपी घालून येणारे. "उद्या ओळंबा घेऊन याल!"

"तुमच्या झाडापेक्षा माजी भिंत बरी, साहेब. तुमचं झाड पडाय आलंय."

सगळे हसले. बाबासो हसला नाही. घरी ज्ञानेश्वरी विचारायची, "झालं का आईचं?" तो म्हणायचा, "हात बसंना अजून." रात्री डोळा लागला की तो कावळा दिसायचा. शब्द दिलाय, आणि कागद अर्धा.

दोन महिन्यांनी एक आभाळ बरं उतरलं. पुढच्या रविवारी दुसरं उतरलं. तिसऱ्या रविवारी बाईंनी कपाटावरची फळी खाली काढली.

"एक ऐका," त्या म्हणाल्या. "तिचा रंग कधीच वाळलाय. त्याला लागून ओला रंग लावला की मध्ये कड दिसणार. दिसू दे. काही बिघडत नाही."

"सांधा दिसला तर गवंडी कसला, बाई?"

काल अर्धी ठेवलेली भिंत आज कशी पुढं न्यायची, ते त्याच्या हाताला ठाऊक होतं. जुन्या गिलाव्याची कड जरा खरवडायची, पाणी मारून ती पिऊ द्यायची, मग नवा माल जोडायचा. त्यानं साध्या पाण्याचा ब्रश घेतला आणि प्रेमलाचा रंग जिथं थांबला होता तिथं हलक्या हातानं फिरवत राहिला. निळा रंग सुटला आणि खाली सरकला. त्यानं त्यात आपला रंग मिसळला, पाणी वाढवत गेला आणि पार खालपर्यंत उतरवला.

बाईंनी वाकून पाहिलं. श्यामसुंदर चष्मा वर करून म्हणाले, "वा! जोड सापडेल तर शपथ!"

कागद वाळल्यावर बाईंनी तो कापून दिला. बाबासोनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून जपून घरी आणला. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटत होतं.

ज्ञानेश्वरीनं हात पुसले, कागद दारातल्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"आबा, आईचं कुठवर आहे यात?"

"हितवर," म्हणून त्यानं बोट ठेवलं. मग ते जरा वर सरकवलं. मग खाली. कागद हातात घेऊन, नवीन गिलावा बघतात तसा तिरपा धरून पाहिला. सगळीकडं सारखं निळं, उतरत गेलेलं.

"ती कुठं थांबली होती?"

"तेच बघतोय, बाय."

"तुमी होता ना तिथं? तुमीच केलं ना?"

"व्हय. मीच केलं."

ती स्टोव्हकडं गेली. तिच्याकडं पाठ करून तो कागदावर बोट फिरवत राहिला.